छाट

साकोलीच्या स्टँडमागे, खताच्या दुकानावर,
कापगते सरांची टायपिंगची खोली.
बारा संगणक, त्यातले नऊ चालू,
आणि वीज गेली की वापरायला
कोपऱ्यात दोन जुनी यंत्रं,
त्यातल्या एकाचा 'ळ' उमटतच नाही.

नव्या पोरींच्या संगणकावरची
मागे जायची कळ सर उपटून ठेवतात खणात.
म्हणतात, चुकलं तर चुकू द्या, पुढे चला,
मोजायला मी बसलोय.

पहिला महिना मी नुसतं लिहिलं
कसर कसर कसर रास रास सारा.
पानभर कसर.
मग कळलं, ऱ्हस्व वेलांटी
अक्षराच्या आधी दाबायची असते.
जिभेवर जी मागून येते
ती बोटाला आधी ठाऊक हवी.
'किती' लिहिताना माझं बोट
दर वेळी एक श्वास अडायचं.

मिनिटाला एकोणीस शब्द.
प्रीतम लांजेवारचे बेचाळीस,
पत्र्यावर गारा पडाव्यात तसे.
सर "हं, थांबा" म्हणायचे तेव्हा
मी 'महोदय'च्या खालच्या ओळीत असायची.

घरी माय ओसरीत, सूप मांडीवर.
भिजवलेली तेंदूची पानं, पत्र्याचा फर्मा, कैची,
चिमूटभर जर्दा, एक गुंडाळी,
नखानं तोंड मुडपायचं,
लाल दोऱ्याचे दोन वेढे.
डोळे टीव्हीतल्या सुनेवर.
मी फोनमध्ये मिनिट लावलं.
दोन झाल्या, तिसरी निम्मी.
"अडीच," मी म्हटलं.
"अर्धी बिडी कोन वढते वं?"

मग आपणहून हिशेब सांगितला तिनं.
शनिवारी सट्टेदार कट्टे सोडतो,
हजारातल्या पन्नास-साठ बाजूला टाकतो:
सैल, वाकडी, तोंड उघडं राहिलेली.
छाट.
छाटेचे पैसे नाहीत,
आणि छाट परतही मिळत नाही.
ती कुठं जाते ते गावाला माहीत आहे,
बोलत कोणी नाही.

मी खताच्या खोक्याचा पुठ्ठा घेतलेला,
त्यावर स्केचपेननं आखलेल्या कळा.
रात्री टकटक करत बसायची.
"तू घाई करतेस," माय भिंतीकडं तोंड करून म्हणाली,
"आवाजावरून समजते. पुठ्ठ्याले मारून राह्यली तू."
थोड्या वेळानं, मला वाटलं झोपली तेव्हा:
"हाताकडं पाहू नको. पाह्यलं का हात लाजते."

दुसऱ्या दिवशी हातांवर ओढणी टाकून बसले.
एकोणीसचे तेरा झाले.
प्रीतम हसला. सर हसले नाहीत,
वहीत तेरा लिहिलं.
मग सोळा. पुन्हा सोळा. बावीस.
एका बुधवारी वीज गेली, बाहेर आभाळ भरलेलं,
मी जुन्या यंत्रावर सरकले
आणि 'जिल्हाधिकारी' एका दमात गेला,
दोन्ही ऱ्हस्व आपापल्या अक्षराआधी,
दीर्घ सगळ्यात शेवटी,
कुठलंच बोट कोणासाठी थांबलं नाही.
कागद दारात नेऊन उजेडात वाचला
तेव्हा विश्वास बसला.

परीक्षेच्या आदल्या शनिवारी शेवटची चाचणी.
बसमध्ये छबिलानं विचारलं, स्पीड किती?
पिठाच्या गिरणीवर विचारलं, स्पीड किती?
मामानं लाखनीहून फोन करून तेच.
चौतीस, चौतीस, चौतीस.

माय नुकती सट्टेदाराकडून आलेली,
पिशवीत पुढच्या आठवड्याची पानं.
पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं.
"छाट किती?"

"पाच."

"कोनत्या?"

कोणी विचारलंच नव्हतं हे, सरांनीसुद्धा नाही.
मी आठवून आठवून सांगत गेले,
ती पानं पाण्यात सोडत ऐकत होती.
एक 'कार्यालय'मधली, रफार पुढच्या घरी गेलेला.
दोन जोडाक्षरं. एक तारीख.
आणि एक, माय,
'किती'चीच होती.