विषय क्रमांक चार

बाहेर उणे एकतीस. कारासयोकच्या कचेरीत
कॉफीची तिसरी किटली, आणि इतिवृत्त लिहायला मी.
विषय क्रमांक चार: रेनडिअरच्या कानखुणांची नोंद
कुठल्या डेटाबेसात ठेवायची.

तूरस्टाइन म्हणाला, मुक्तस्रोत. एक फाइल, बस्स.
परवाना नाही, वर्गणी नाही,
पठारावर सिग्नल मेला तरी फोनात जिवंत.
खजिनदार एर्लिंग म्हणाला,
फुकटच्या कुत्र्याचे दात कोणी मोजत नाही.
पण रात्री दोनला चावलं, तर कोणाचं दार ठोठवायचं?
विकतवाल्यांचा निदान एक नंबर असतो.
"लावला होता मी तो नंबर. जुलैत.
चाळीस मिनिटं पियानो ऐकला."

हे मी लिहिलं नाही.

मग खरी मेख निघाली.
ह्या फाइलीत एका वेळी एकानंच लिहायचं,
बाकीच्यांनी थांबायचं.
आणि जुलैत चारशे पाडसं, सतरा कुटुंबं,
मावळायचं नाव न घेणारा सूर्य,
थांबायला कोणाला वेळ?
एर्लिंगने पेनाला टोपण लावलं, खटका ऐकू येईल असं.

राव्ना तोवर गप्प. वय एकोणऐंशी, टोपी डोक्यावरच,
साखरेचा खडा दातात धरून कॉफी.
म्हणाली, एका कानावर एका वेळी
सुऱ्या तरी किती चालतात?

"मी कान कापते. तुकडा खिशात.
वहीत लिहिणं सकाळी, हात धुतल्यावर.
सत्त्याऐंशी साली वही नदीत गेली.
खिसा उलटा केला, तुकडे मांडले,
वही पुन्हा लिहिली."

तूरस्टाइनचा कप हवेत तसाच.
"हेच! आधी लॉगमध्ये, मग..."
आणि थांबला. तिला समजावण्यासारखं
त्यात काही उरलं नव्हतं.

पण तिचं संपलं नव्हतं.
मुक्त म्हणजे माझ्या बापाची खूण
ऑस्लोतला कोणीही उघडून बघणार?
नाही नाही, तो म्हणाला, उघडा फक्त कोड.
"कोड उघडा, कान झाकलेले." तिने चव घेऊन पाहिली.
"बरं. पण खिसा मी शिवून टाकणार नाही."

ठराव: एक उन्हाळा वापरून बघू. पाच विरुद्ध चार.
एर्लिंगचा विरोध, त्याच्याच आग्रहावरून, दोनदा नोंदवला.

रात्री इतिवृत्त संगणकावर चढवायला बसले.
फाइल कुलूपबंद. दुसरं कोणीतरी लिहीत होतं.
बहुतेक एर्लिंग.
थांबले.