मीच उठतो

टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटजवळ,
झेरॉक्सच्या दुकानावर माझी खोली.
दोन खुर्च्या एकमेकींकडे जराशा वळवलेल्या,
तिसरी माझी.
मध्ये टीपॉय, पाण्याचा तांब्या
आणि एक फोन, पालथा.
पालथा फोन म्हणजे झोपलेला,
असं मी तेव्हा समजत होते.

एक्केचाळीस पानं आली कुरिअरने,
वर वकील मुतगेकरांचं पत्र, टाचणी लावून.
ॲपने ऐकलं, ॲपनेच टाइप केलं,
कोण बोललं तेही ॲपनेच ठरवलं.
गेट पडतानाची घंटा आहे त्यात, संगीत म्हणून नोंदलेली.
माझं 'हं' आहे, एकशे बारा वेळा.
तिचं रडणं नाही.
तिथं नुसती मिनिटं पुढे गेलीत.

पान सतरा.
पती: रात्री कोण उठतंय? मीच उठतो.
पती: दम लागला की मीच मांडीवर घेतो त्याला,
वाफ देतो, पाठ चोळतो, उजाडूस्तोवर.

तीनदा वाचलं.
हे तो बोलला नव्हता.

मी मूळची जळगावची. लग्न होऊन इथं आले
तेव्हा शेजारीण कुंपणावरून म्हणाली होती,
"बाजारला जातो मी, येतीस काय?"
आणि मी मागे वळून पाहिलं होतं,
कोण पुरुष बोलला म्हणून.
इथल्या बायका जातो म्हणतात, येतो म्हणतात,
दमलो म्हणतात
आणि भाकरी थापायला बसतात.
ॲपला हे कोण सांगणार?
आवाजात आवाज मिसळला
की ते म्हणे क्रियापदाचं शेपूट बघतं.
'उठतो' दिसलं, देऊन टाकलं नवऱ्याला.

कोर्टासाठीचं कन्नड भाषांतर शिवलीलाने वाचून दाखवलं.
नाने एळुत्तेने.
"ह्यात बाई-पुरुष कळत नाही मॅडम," ती म्हणाली,
"कन्नडात मी म्हणजे नुसता मी."
म्हणजे भांडायला आता तो 'तो'सुद्धा उरला नाही.
उरला डावीकडचा एकच शब्द, पती,
आणि तो दोन्ही भाषांत सारखाच.

वाईट माणूस नाही हो.
पहिल्या दिवशी तोच आला होता, हेल्मेट मांडीवर धरून,
काहीतरी करा, घर मोडतंय, म्हणाला होता.
पान सतरा त्यानंही वाचलं असणार.

तिचा फोन आला. "तुम्ही होता की तिथं. सांगा की जजना."
होते.
माझी पेन्सिलीची वही आहे,
त्या दिवशीच्या पानावर लिहिलंय:
आई, रात्रीतून चार वेळा.
आणि माझाच फॉर्म आहे, दोघांच्या सह्यांचा, मुद्दा सहा:
या खोलीतलं बोलणं
दोघांच्या संमतीशिवाय बाहेर जाणार नाही.
केवढ्या अभिमानानं लिहिला होता तो, तीन भाषांत.
फोनचं नाव एकाही भाषेत घातलं नव्हतं.

त्याच्याकडे संमती मागितली.
दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.
कोर्टानं बोलावलं तर बोलेन.
कोर्टानं बोलवायला अर्ज लागतो,
अर्जाला तिचा वकील, वकिलाला पुढची तारीख.
तोवर पोराला दम लागतच असणार,
आणि कोणीतरी उठतच असणार.

हे लिहितानासुद्धा गल्ली बदललीय मी,
पोराचा आजार बदललाय.
क्रियापद बदलता आलं नाही.

दाराशी आता ॲल्युमिनियमचा डबा ठेवलाय, झाकणाचा.
फोन बंद करून आत, माझाही.
काल खानापूरकडचं एक जोडपं आलं.
बाईनं डबा उघडला,
"मीच ठेवतो आधी," म्हणाली,
आणि नवऱ्याच्या खिशाकडे बघत उभी राहिली.