पेर

राय पिकायच्या आधीच कापायची,
आई सांगायची, देठात थोडा हिरवा जीव असतानाच.
पिकली की काडी हट्टी होते,
कात्री लावली की उभी चिरते.
जुलैत कापलेली पेंढी
सौनाच्या माळ्यावर पडून असते,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
कुणी झोपवून ठेवल्यासारखी.

डिसेंबर. तीन वाजताच दिवस मिटतो.
टाम्पेरेहून चार तास गाडी हाकत मी पोचते,
बुटांवरचा बर्फ झाडते, दार उघडते,
तर स्वयंपाकघराच्या टेबलाशी बाबा,
नाकाच्या शेंड्यावर चश्मा, दातांत दोरा.
लाकडाच्या गिरणीत चाळीस वर्षं काढलेला माणूस
हिमेली ओवतोय:
काड्यांचं झुंबर, आत दिवा नसलेलं.

"दार लाव," आई म्हणते. "काड्या उडतील."
आधी काड्या, मग मी.

हे बायकांचं काम. गावात कुणाला माहीत नाही.
आईची बोटं दोन हिवाळ्यांपूर्वी वळायची थांबली.
आता ती खिडकीपाशी बसून नुसती डोळ्यांनी ओवते:
"बाराच काड्या, वेइक्को. अकरा घेतल्यास
तर लंगडं होईल, तुझ्या त्या ट्रॅक्टरसारखं."
बाबा हं म्हणतात.
त्रेपन्न वर्षांच्या संसारात
त्या हंचे किमान सहा अर्थ झालेत.

काडीला पेरं असतात, बोटालाही.
काडीची गाठ टाकून द्यायची,
मधलं गुळगुळीत पेर तेवढं घ्यायचं.
बाबांच्या डाव्या हाताची तीन पेरं
सत्त्याहत्तर साली करवतीने घेतली:
करंगळीची दोन, अनामिकेचं एक.

आई मोजायची मधल्या बोटाने, एक बोट, अर्धं बोट.
बाबा कसे मोजतात म्हणून मी बघत राहते.
लांब काड्यांना पट्टी. मधल्यांना काडेपेटी.
आणि सगळ्यात लहान, खाली लोंबणाऱ्या
त्या चार चिमुकल्या घरांसाठी
ते अनामिका टेबलावर टेकवतात,
काडी तिच्या टोकाला लावतात,
बोट संपतं तिथून
संपायला हवं होतं तिथवर,
आणि कात्री चालवतात.

अठ्ठेचाळीस काड्या.
मी एकमेकींशेजारी लावून पाहिल्या.
केसाचाही फरक नाही.

स्टुलावर चढून ते आकड्याला दोरा अडकवतात.
"डावीकडे. तुझं नाही, माझं डावं."
हिमेली लटकते, जराशी कललेली,
कुणाचं तरी बोलणं कान देऊन ऐकावं तशी.
"उसव," आई म्हणते.
"नाही," बाबा म्हणतात.
हा शब्द मी या घरात क्वचितच ऐकलाय.
मांजर टेबलाखाली गाठी चघळत बसलं.

संध्याकाळी शेजारची केर्त्तु आली, वेलचीचा पाव घेऊन.
कोट न काढताच वर बघत राहिली.
"मार्त्ता! हात बरे झाले म्हणायचे!"
चुलीत लाकूड तडकलं.
"हो," आई म्हणाली, "औषध बदललं."
बाबांनी डावा हात टेबलाखाली घेतला
आणि उजव्याने कॉफीत साखर घातली,
चार चमचे. ते साखर घेत नाहीत.

रात्री पाणी प्यायला उठले.
दिवा नव्हता. बाहेरच्या बर्फाचा उजेड
भिंतीवर निळसर पडलेला.
आई हिमेलीखाली उभी होती,
लोकरी मोजे, पाठीवर शाल,
मान वर, गाल फुगवलेले.
हळूच फुंकर घातली तिने.
हिमेली फिरली. कललेलीच फिरली,
भिंतीवर तिची जाळीदार सावली
खिडकीपासून घड्याळापर्यंत गेली.
ती थांबायची वाट बघत
आई तशीच उभी राहिली,
मग पुन्हा गाल फुगवले.