वाढ

आकडा मंगळवारी दुपारी पूर्ण झाला.
कंट्रोल रूममध्ये, तीन वाजून दहाला,
अमोनियाच्या टाकीचा काटा जागचा हलत नसताना
मी वहीत शेवटची बेरीज केली,
पुन्हा केली,
आणि वही पिशवीत डब्याखाली सरकवली,
चोरीचा माल सरकवावा तशी.

सतरा वर्षांच्या वह्या.
खंडेराव मार्केटबाहेरच्या एकाच दुकानातल्या.
दूध, गॅस, आत्याचं इन्सुलिन, लेकीची फी
आणि शेवटचा रकाना: 'चुकून'.
चुकून घेतलेला कॅरम. चुकून गेलेलो दीव.
वर्षाचा खर्च गुणिले पंचवीस,
हे लेस्टरच्या मामेबहिणीनं, इंद्रायणीनं फोनवर शिकवलं.
तिकडे एवढ्यावर लोक पन्नाशीच्या आत घरी बसतात म्हणे,
कुंडीत टोमॅटो लावतात, आभाळाला नावं ठेवतात.
मी तेहतीसनं गुणलं.
वरचे आठ:
चार इथल्या महागाईचे,
चार माझ्या भित्रेपणाचे.

आमच्या घरी 'पुरे' या शब्दावर
कधी कुणी विश्वास ठेवला नाही.
ताटावर हात आडवा धरावा,
तर आई बोटांच्या फटीतून अर्धी पोळी सोडायची.
बाबा 'पुरे' म्हणाले ते एकदाच,
प्रतापनगरच्या वर्कशॉपमधून येऊन,
बूट न काढता, खुर्चीत.
आम्हाला वाटलं, चहाबद्दल म्हणतायत.

बुधवारी पटेलसाहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं.
'दहेजच्या कंपनीनं किती देऊ केले?'
कुणीच काही नाही.
'तब्येत?' ठीक.
'घरी काही?' ठीक.
ते बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले.
'वाढ हवी असेल तर सरळ सांगा, चिटणीसभाई.'

वाढ.
मला मांडवीतला बांगड्यांचा दुकानदार आठवला.
रात्री शटर ओढताना तो 'बंद' म्हणायचा नाही,
'दुकान वाढवतो' म्हणायचा.
आपल्यात नारळ फुटत नाही, वाढतो.
बांगडी वाढते.
तेवीस दिवाळ्या मी हा शब्द पगाराच्या कागदावर वाचला
आणि त्याचं दुसरं टोक पाहिलंच नाही.
'हो साहेब,' मी म्हणालो, 'वाढवतोच आहे.'
त्यांच्या वडिलांचं पादऱ्याला किराणा दुकान होतं.
पेपरवेट थांबला.

पहिल्या सोमवारी अकरा वाजता
मी काळ्या घोड्याजवळच्या पुलावर उभा,
हातात पिशवी नाही म्हणून हातांचं काय करावं ते कळेना.
खाली विश्वामित्रीच्या गाळावर मगर,
जबडा उघडा, उन्हात, कुणाच्याही ऑर्डरवाचून.
'एकदा खाल्लं की महिना-महिना चालतं तिला,'
रिक्षावाला म्हणाला.
खर्च कमी. घाई नाही.
पण तिलाही कुणी विचारत असेल का,
की हल्ली घरीच?

मला विचारलं.
दांडिया बाजारात रेगेकाकूंनी आवाज खाली आणून,
'नारळ दिला का रे?'
सेव-उसळवाल्यानं दोन पाव जास्त ठेवले
आणि पैसे घेईना.
मी ते वहीत लिहिलं. 'चुकून'च्या रकान्यात,
पण जमेच्या बाजूला. पहिल्यांदाच.

सुनेत्रा बहिऱ्या मुलांना शिकवते.
मी विचारलं, 'तुझा आकडा किती?'
'कशाचा?' ती म्हणाली,
बोटांनी हवेत 'उशीर' अशी खूण केली
आणि स्कूटर काढली.

रात्री ती पोळी घेऊन माझ्या ताटावर वाकली.
मी हात आडवा धरला.
पुरे.
तिनं पोळी परत डब्यात ठेवली, झाकण लावलं.
एवढ्या वर्षांत प्रथमच
हा शब्द कुणीतरी ऐकला होता,
आणि खरं सांगतो,
मला अजून अर्धी हवी होती.