हातचा

रविवारी दोन ते चार. बैरूतच्या दोरा भागात
वेण्या घालायच्या दुकानावरची खोली.
खाली केस विंचरतात, वर मी प्रश्न विचारते.
नाव विचारायचं नाही, हा पहिला नियम.
एकशे चार नंबर आमच्याच गल्लीतली, गोंदारची.
तिच्या आईच्या हातचा पाव खाऊन मी शाळेत गेलेय.
आम्ही दोघी ओळख दाखवत नाही.

प्रश्न अकरा : पासपोर्ट कोणाकडे असतो?
बारा : बाहेरच्या दाराची किल्ली?
तेरा : झोपता कुठे?
“बाल्कनीत,” म्हणते, आणि लगेच,
“पण उन्हाळ्यात बरं वाटतं.”
सगळ्याच थोडं हातचं राखून सांगतात.
मीही सात वर्षं तसंच सांगत आले,
घरी, फोनवर, महिन्यातून एकदा :
मादाम चांगली आहे.
खोटं नव्हतं. तिनं कधी हात उचलला नाही.
फ्रिजला कुलूप असायचं, एवढंच.

उठताना प्रत्येकीला तीन पिवळी कुपनं.
तुझ्यासारख्या तिघींना दे,
त्या आणखी तिघींना देतील.
प्राध्यापक नायला म्हणते,
यादी पोचत नाही तिथे ओळख पोचते.
खरंय. महिन्याभरात जिन्यावर
चपलांना जागा उरली नाही.

एकशे एकतीस नंबरनं मात्र तिन्ही परत केली.
“देऊ कोणाला? मी फक्त
समोरच्या टोपलीला ओळखते.”

मग मीही जाऊन पाहिली. पाचवा मजला.
सकाळी सहाला दोरीनं टोपली उतरते,
खाली वारूजान दुकानदार पाव ठेवतो, अंडी, साबण.
वर ओढणारे हात दिसतात, कोपरापर्यंत.
चार वर्षं झाली, तो म्हणाला, चेहरा नाही पाहिला.
डाव्या मनगटाला फडकं असायचं,
ते सुटलं. आता उजव्याला आहे.

नियमावलीत लिहिलंय :
कोणाचाही धोका वाढेल असं काही करू नये.
ते वाक्य आमच्या भाषेत मीच उतरवलंय,
दोनदा खोडून, नीट.
तरी मिठाच्या पुडीत एक कुपन सरकवलं,
पाठीमागे एकच प्रश्न, सव्विसावा,
ज्याच्यावर सगळं गणित उभं आहे :
तुझ्यासारख्या किती जणींना तू ओळखतेस,
आणि त्या तुला?

जिला पुष्कळ जणी ओळखतात तिचं वजन कमी,
एकटीचं जास्त. भागाकार असतो.
उत्तर शून्य आलं तर भागाकार अडतो.
मला वाटलं होतं, शून्यच येईल.
दोन रात्री त्याच भीतीनं जागी होते,
त्या आणि दुसऱ्या, जिचं नावही घेत नाही.

तिसऱ्या सकाळी टोपलीत सुट्या पैशांखाली
तेच कुपन, चौकोनी घडी,
पेन्सिलीनं, आमच्या अक्षरात :
एक. विचारणारी.

नायला चष्मा काढून बराच वेळ बघत बसली.
मग म्हणाली, विचारणारी धरत नाहीत.
थोड्या वेळानं म्हणाली,
आणि हे तू करायला नको होतंस.
दोन्ही बरोबर होतं.

अहवालात ती नाही.
दोनशे बारा जणी आहेत, रकान्यांत,
किती तास, किती पगार, किती महिन्यांचा थकलेला.
छपाईला जायच्या आदल्या रात्री
मी बेरीज पुन्हा करून पाहिली,
गोंदारच्या शाळेत करायचे तशी, बोटांवर.
दोन लिहिले. हातचा एक.
तो कुठे मिळवायचा, कळलं नाही.

वारूजान सांगतो, या आठवड्यात
टोपली दोनदा भलत्याच वेळी उतरली.
पैसे नाहीत, चिठ्ठी नाही.
तो पाव ठेवायला गेला तर
दोरी हलवून नको म्हणाली.

सहाला पाच कमी आहेत.
गल्लीत अजून कोणी नाही, एक मांजर सोडलं तर.
मी दुकानाच्या शटरला पाठ लावून
वर बघत उभी आहे.