बोट लागणे

वसुमती, आदल्या दिवशीच ये.
लेस्टरची गाडी सकाळी सुटेलच, पोचेलच,
असं धरून चालणारी माणसं
मी साउथॅम्प्टनच्या धक्क्यावर रडताना पाहिली आहेत.
शर्लीत माझ्याकडे खाट आहे, मऊ भात आहे,
आणि वारा इकडचा असला तर
जहाजाचा भोंगा फुकट.

केबिन खालच्या मजल्यावरची घे, मधोमधची.
पाळणा कडांनी हलतो,
मधलं बाळ झोपलेलं असतं.
बाल्कनीचे पैसे वाचव.
बिस्केच्या उपसागरात बाल्कनीत वाराच बसतो,
तू आत कांबळं धरून.

बोट लागेल. लाजू नकोस,
माझ्या पहिल्या खेपेला जहाजावरच्या डॉक्टरलाच लागली होती.
हिरवं सफरचंद खा, आल्याची वडी चघळ,
आणि क्षितिजाकडे बघत राहा,
सासरी पहिल्या वर्षी दाराकडे बघायचीस तशी.

गोळ्या, चष्मा, पासपोर्ट, एक स्वेटर
हातातल्या पिशवीत ठेव.
मोठी बॅग ते धक्क्यावरच घेतात,
ती रात्री जेवण झाल्यावर दाराशी उगवते.
भिंती लोखंडाच्या असतात, चुंबकाचे हुक आण,
ओले मोजे, छत्री, कानटोपी, सगळं टांगता येतं.
वायरची लांब पट्टी आणू नकोस. काढून घेतात.
माझ्या दोन गेल्या.
लोणचं लहान बाटलीत, दोन पिशव्यांत गुंडाळून.
तिसऱ्या दिवशी उकडलेल्या बटाट्याला
कुणीतरी वाली लागतो.

फोनचं घड्याळ मानू नकोस, जहाजाचं मान.
ला कोरुन्याला व्हिटकोम नवराबायको
चीजची पिशवी घेऊन धावत आले.
आम्ही अकराव्या मजल्यावरून टाळ्या वाजवल्या,
चल, चल, म्हणून ओरडलो,
आणि मग एकेक टाळी थांबत गेली.
धक्का आणि जहाज यांच्यात
पाण्याची एक वीत होती.
वीत पुष्कळ असते, वसुमती.

निघताना डाव्या कठड्याला उभी राहा,
तोंड पुढे करून डावी.
शॅम्पेन वाटतात उजवीकडे, जाऊ नकोस.
मेफ्लॉवर पार्क डावीकडून जातं,
तिथे मुरलीधर उभा असतो, पिवळा टॉवेल घेऊन.
तो कधी आला नाही माझ्याबरोबर.
तरंगतं इस्पितळ म्हणतो, त्यात पुन्हा नाच,
आणि टोमॅटोंना पाणी कोण घालणार?
चौदा खेपा, चौदा वेळा टॉवेल.

चौदाव्या वेळी मी टॉवेल ओळखला,
हात ओळखला नाही.
हात उंच होता, तरणा होता,
उगाच जोरात हलत होता.
मी तरी हलवला माझा.
मदेराला पोचेपर्यंत नेट बंद ठेवलं होतं,
पैसे लागतात म्हणून. तोही माझाच सल्ला.
चार रात्री मी त्या हाताचा हिशेब करत होते.
मग कळलं: गुडघा.
बागेच्या पायरीवरून पडला,
शेजारच्या कॅलमला पाठवलं टॉवेल देऊन,
आणि बजावलं, तिला आत्ता सांगू नकोस, उतरेल.
बरोबर आहे. मी उतरले असते.

म्हणून पहिल्या दिवशीच नेटचे पैसे भर.
बाकी काटकसर कर हवी तेवढी.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात.
सकाळचे कपडे आधी बाजूला काढ.
हसशील, पण मी सगळं भरून टाकलं होतं,
गाऊनवर कोट घालून उतरले, पायात जहाजाच्या सपाता.
तो काठी टेकत टर्मिनलच्या दारात उभा.
वरपासून खालपर्यंत बघितलं, म्हणाला,
झोपेतून आलीस का?

पुढचे तीन दिवस स्वयंपाकघराची फरशी हलत होती.
हे कुणी सांगत नाही, मी सांगते:
बोट घरी आल्यावरही लागते.
ओट्याला धरून उभी राहा,
चहा अर्धाच कप ओत.

यंदा टॉवेल मी धरणार आहे,
तुझ्यासाठी. हात नीट ओळख.
आणि हो, पावतीची प्रत काढून ठेव.