गादी सरकली

फोटो खिडकीकडे धरून डॉक्टर निरगुडेबाई म्हणाल्या,
"चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकलीय."
मी हसलो.
कळ मांडीतून पोटरीत, पोटरीतून अंगठ्यात उतरली,
तरी हसलो.
बाई, चाळीस वर्षं चौक मंडईत गाद्याच भरतोय मी,
पिचलेल्या, गाठी झालेल्या, मधोमध खड्डा पडलेल्या.
अर्धी भद्रकाली माझ्या कापसावर पाठ टेकते.

त्या हसल्या नाहीत. पेनाच्या टोकाने दाखवलं:
हा तुमचा कापूस, खोळ उसवून बाहेर आलेला.
ही शीर, त्याच्याखाली दबलेली.

एका भिजलेल्या डबल गादीने केलं हे.
वाकून उचलली, रिक्षाच्या टपावर टाकायला,
आणि टपापर्यंत पोचलोच नाही.

तेव्हापासून ज्याला त्याला इलाज ठाऊक.
जुलेखाचा भाऊ म्हणतो, सायखेड्याला एक जण आहे,
पाठीवर पाय देऊन एका झटक्यात बसवतो.
बसवतो म्हणजे कुठे?
"जागेवर."
समोरचा तांबट म्हणतो, विटेचा शेक घ्या.
हाफिजसाहेब म्हणाले, गादी सोडा, फळीवर झोपा.

झोपलो. तीन रात्री. पिंजारी, फळीवर.
जुलेखा अंधारात तोंडाला पदर लावून हसत होती
आणि नंतर रडत होती.
आवाज सारखाच येतो दोन्हीचा.

बाईंनी पहिली फळी काढायला लावली.
म्हणाल्या, दोन दिवसांच्या वर पडून राहू नका. चाला.
दुखलं तरी घरातल्या घरात चाला.
गोळी जेवणावर. रात्रीची कॅप्सूल शिरेसाठी,
ती घेतली की सकाळी गिऱ्हाइकाचं नाव
जिभेवर यायला वेळ लागतो.

वजनही लावलं दहा दिवस.
कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोराला सात किलो.
सात किलो म्हणजे एक सिंगल गादी,
जरा पातळ.

व्यायाम शिकवणारी ऋजुता माझ्या नातीएवढी.
द्वारकेच्या पुलाखालून गचके खात रिक्षा जाते तिच्याकडे,
जाताना जेवढं दुखतं तेवढं ती काढते,
येताना रिक्षा परत घालते.
"काका, पोटावर झोपा. कोपरांवर छाती उचला.
पायातलं दुखणं वर सरकून कमरेत आलं
तर घाबरू नका.
ते घरी परततंय."

सुईचंही बोलून झालंय.
मणक्याच्या बाजूने, पडद्यावर बघत बघत, औषध सोडायचं.
माझी दाभण नऊ इंच आहे.
त्यांची केवढी, विचारलं नाही.

आणि मुंबई नाक्यावरचे सर्जन, थंडगार खोलीतले:
छोटंसं भोक, दुर्बीण, बाहेर आलेला तुकडा काढायचा,
दुसऱ्या दिवशी घरी.
मी विचारलं, मग आत परत भरता काय?
"काही नाही. काढतो फक्त."
आणि खोळ?
"तशीच."
चाळीस वर्षांत असं काम
मी एकाही गिऱ्हाइकाला दिलेलं नाही.
त्यांच्या खर्चाचा कागद घडी करून खिशात आहे,
बसलो की टोचतो.

निरगुडेबाई म्हणतात, सहा आठवडे बघू.
बहुतेकांचं ओसरतं. बाहेर आलेलं शरीरच हळूहळू गिळतं.
पण लघवी कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर झाली,
पाऊल लुळं पडलं,
तर सकाळची वाट बघायची नाही.
जुलेखाने हे कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय,
दुधाच्या हिशोबाखाली.

मशिदीत शेवटच्या रांगेत लाल खुर्ची आहे माझी,
ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यांशेजारी.
सजदा हवेत होतो.
कपाळाला जमीन लागत नाही.
हे डॉक्टरांच्या कुठल्याच कागदावर नाही.

दुकान तौफिक बघतो. टाके लांब घालतो.
बोलत नाही मी.

आज पाचवा आठवडा.
उठण्याआधी पांघरुणातून डावा पाय बाहेर काढतो
आणि अंगठ्याला म्हणतो, ऊठ बघू.
आज उठला.
तांदळाच्या दाण्याएवढा, पण उठला.
जुलेखा म्हणाली, वाऱ्याने हलला असेल.

पंखा बंद होता.